मधुमेहाची गोळी, हार्ट फेल्युअर आणि आपण न ठेवलेली नोंद : एक धागा

१/२७
१२ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढली आणि रोसिग्लिटाझोन या मधुमेहावरील औषधाचे उत्पादन, विक्री व वितरण भारतात बंद झाले. या घटनेची एक सोपी कथा प्रचलित आहे : औषध हृदयाला घातक निघाले, सरकारने वेळीच बंदी घातली, रुग्ण वाचले. या धाग्यात मला त्या कथेतील ‘वेळीच’ या शब्दाशी आणि तिच्यातल्या समाधानाशी भांडायचे आहे. भांडण जुने आहे. त्याची सुरुवात १९६१ मध्ये होते आणि ते आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यापर्यंत येऊन पोहोचते.

२/२७
इतिहासाच्या वाचकांनी औषधाच्या गोळीकडे का वळावे? कारण प्रश्न पुराव्याचा आहे. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींच्या विश्वासार्हतेची झडती घेतली. बखर ऐकायला सुसंगत वाटते. पण त्या काळात प्रत्यक्ष लिहिलेले पत्र तिच्याशी जुळत नसेल, तर पत्राचे ऐकावे, हा धडा मराठी इतिहासप्रेमींना आता नव्याने शिकवावा लागत नाही. औषधांच्या बाबतीत मात्र आपण अजूनही बखरीवर विसंबतो.

३/२७
मधुमेहोपचाराची बखर म्हणजे साखरेचा आकडा. गोळी सुरू केली, उपाशीपोटीची साखर उतरली, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी सुधारली. रुग्ण खूश, डॉक्टर खूश, कंपनीही खूश. परंतु प्रौढ वयात जडणाऱ्या मधुमेहाचा रुग्ण बहुधा हृदय, मूत्रपिंडे आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या यांच्या विकारांनी दगावतो. तेव्हा अस्सल कागद कोणता? गोळी घेणाऱ्यांपैकी किती जण जगले, किती जणांना रुग्णालयात न्यावे लागले आणि कशासाठी, याची नोंद. या दोन साधनांत विसंगती आढळली की कोणाचे ऐकायचे, एवढाच या धाग्याचा प्रश्न आहे.

४/२७
पुढे जाण्यापूर्वी दोन संज्ञा वेगळ्या करून घेऊ. हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी अकस्मात बंद पडणे. हार्ट फेल्युअर म्हणजे शरीराला लागते तेवढे रक्त ढकलण्यास हृदय असमर्थ ठरणे. त्यामुळे पाणी साचते, पाय सुजतात, चढ चढताना आणि पुढे तर आडवे झाल्यावरही धाप लागते. पहिला प्रकार घटकेत घडतो, दुसरा बहुधा हळूहळू वाढतो. वृत्तपत्रांनी रोसिग्लिटाझोनची कथा झटक्याची म्हणून रंगवली. कागदपत्रांत अधिक पक्का पुरावा आहे तो दुसऱ्याचा.

५/२७
आता १९६१. अमेरिकेत ‘युनिव्हर्सिटी ग्रूप डायबेटीस प्रोग्राम’ नावाचा अभ्यास सुरू झाला. १२ वैद्यकीय केंद्रे, हजाराहून अधिक रुग्ण, आणि प्रश्न एकच : साखर उतरवल्याने रुग्ण अधिक जगतो का? १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी खळबळ उडाली. टोल्ब्युटामाइड ही त्या काळची लोकप्रिय गोळी घेणाऱ्या २०४ रुग्णांपैकी २६ जण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी दगावले होते. औषध नसलेली निष्क्रिय गोळी घेणाऱ्या २०५ जणांत हा आकडा १० होता. साखर उतरवणारी गोळी हृदयाला जाचक ठरू शकते, ही शंका प्रथमच आकड्यांत मांडली गेली.

६/२७
त्यावर काय झाले? नामांकित मधुमेहतज्ज्ञांनी समिती स्थापून या निष्कर्षांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. रुग्णांची वाटणी सदोष होती, असा त्यांचा आक्षेप होता. १९७५ मध्ये संख्याशास्त्रज्ञांच्या स्वतंत्र समितीने अभ्यासाची छाननी करून त्याच्या बाजूने कौल दिला. आक्षेपकांनी रुग्णनोंदींचे मूळ कागद मागितले. तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८० मध्ये मागणी फेटाळली गेली. ती मागणी करणाऱ्यांचा पक्ष कोणताही असो, मूळ कागद पाहण्याचा त्यांचा आग्रह मला रास्तच वाटतो. वेष्टनावर हृदयविषयक इशारा छापला गेला तो १९८४ मध्ये. एका छापील परिच्छेदाला १४ वर्षे लागली.

७/२७
याच अभ्यासात फेनफॉर्मिन नावाचे आणखी एक औषध होते. रक्तात लॅक्टिक आम्ल साचवून ते जीवघेणे ठरते, असे दिसल्यावर अमेरिकेने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते बाजारातून काढले. भारताच्या राजपत्रात त्यावरील बंदी उमटली १ ऑक्टोबर २००३ रोजी. मधली सुमारे २५ वर्षे आपल्याकडे ते कायद्याने विकता येत होते. ‘आपली यंत्रणा वेळीच जागी होते’ असे म्हणणाऱ्याने या दोन तारखांमधले अंतर आधी समजावून सांगावे. याच कुळातले मेटफॉर्मिन मात्र टिकले आणि आजही जगभर पहिल्या पसंतीचे आहे. कुळ एक म्हणून सर्वांना एकच शिक्षा, हा न्याय औषधांना लावता येत नाही.

८/२७
१९९९ मध्ये रोसिग्लिटाझोन आणि पायोग्लिटाझोन ही दोन औषधे अमेरिकेत मंजूर झाली. ग्लिटाझोन कुळातल्या या औषधांची कल्पना आकर्षक होती. स्वादुपिंडाला इन्सुलिन गाळण्यासाठी चाबूक मारण्याऐवजी ती शरीराच्या पेशींना आहे त्या इन्सुलिनला प्रतिसाद द्यायला लावत. साखर उतरे, एचबीए१सी सुधारे. मंजुरीसाठी तेवढे पुरेसे मानले गेले. हृदयाचे दीर्घकाळात काय होते, हे दाखवणारी मोठी चाचणी मंजुरीपूर्वी मागितली गेली नाही. १९७० चा धडा शिकलेल्यांनीच तो बाजूला ठेवला होता.

९/२७
भारतात ही औषधे झपाट्याने पसरली, यामागे एक कायदा आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या उत्पादनावर पेटंट नाकारले, केवळ प्रक्रियेवर दिले. ही व्यवस्था २००५ पर्यंत टिकली. दुसऱ्या पद्धतीने तेच औषध तयार करण्याची मुभा असल्याने भारतीय कंपन्यांनी स्वस्त औषधे जगाला पुरवली. मुंबई, ठाणे आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा यांच्या उभारणीत या कायद्याचा वाटा मोठा आहे. त्या कर्तृत्वाला नमस्कारच. परंतु याच वाटेने ग्लिटाझोनही अनेक नावांनी आले. गोळी स्वस्त झाली. तिच्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा त्या वेगाने वाढली नाही.

१०/२७
ही गोळी हृदयाला त्रास कशी देते? ग्लिटाझोन पीपीएआर-गॅमा नावाच्या ग्राहक-प्रथिनाला जागे करतात. हे प्रथिन चरबीच्या पेशींत असते आणि मूत्रपिंडाच्या नलिकांतही असते. चरबीतल्या कामामुळे साखर उतरते. मूत्रपिंडातल्या कामामुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते. रक्तातल्या पाण्याचे प्रमाण वाढते, घोटे सुजतात, वजन चढते. सशक्त हृदय हा जादा भार बहुधा सोसते. ज्याचे हृदय उच्च रक्तदाबाने किंवा जुन्या झटक्याने आधीच थकले आहे, त्याचे ढासळते. म्हणजे हा परिणाम औषधाच्या मूळ क्रियेतूनच उद्भवतो. तो कोणा एका कारखान्यातल्या भेसळीचा प्रकार नव्हे.

११/२७
महाराष्ट्राला भेसळीचे दुःख माहीत आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने अन्न व औषध प्रशासनापासून मंत्रालयापर्यंत सर्वांची झडती घेतली. त्या प्रकरणात गुन्हेगार दिसत होता. ग्लिटाझोनच्या बाबतीत गोळी शुद्ध, परवाना खरा, चिठ्ठी डॉक्टरांची. दगावणारा रुग्णही आधीच मधुमेही आणि बहुधा वयस्क. त्याच्या हृदयाचा दोष कोणीही सहज मधुमेहावर ढकलेल. असा अपाय डोळ्यांना दिसत नाही, तो मोजावाच लागतो.

१२/२७
ज्यांनी मोजले, त्यांना तो दिसला. २००५ च्या ‘प्रोअ‍ॅक्टिव्ह’ चाचणीत पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअरची नोंद ११ टक्के, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ८ टक्के. २००६ च्या ‘ड्रीम’ चाचणीत ५,२६९ जण होते, त्यांना मधुमेह अजून जडलाही नव्हता. तरी रोसिग्लिटाझोनच्या गटात हार्ट फेल्युअरचे १४ रुग्ण, दुसऱ्या गटात २. २००९ च्या ‘रेकॉर्ड’ चाचणीत ४,४४७ मधुमेही होते : हार्ट फेल्युअरने मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होण्याच्या घटना रोसिग्लिटाझोनच्या बाजूला ६१, दुसरीकडे २९. तीन चाचण्या, तिघींची दिशा एकच.

१३/२७
२१ मे २००७ रोजी स्टीव्हन निसेन आणि कॅथी वोल्स्की यांनी ४२ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले : रोसिग्लिटाझोनने हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सुमारे ४३ टक्क्यांनी वाढते. जगभर वादळ उठले. ही आकडेवारी त्यांना मिळाली कशी? २००४ मध्ये एका वेगळ्याच औषधावरून न्यूयॉर्क राज्याने ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीवर खटला भरला होता. त्या तडजोडीत कंपनीला आपल्या चाचण्यांचे निष्कर्ष सार्वजनिक करावे लागले. निसेन यांनी तेच उघडे दप्तर वाचले. दफ्तरखाना खुला झाला की इतिहास बदलतो, याचे याहून ताजे उदाहरण शोधून सापडणार नाही.

१४/२७
ऑगस्ट २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन्ही ग्लिटाझोनांवर हार्ट फेल्युअरचा चौकटीतील इशारा लावला. औषधावर देता येणारा हा सर्वांत कडक इशारा. २३ सप्टेंबर २०१० रोजी युरोपने रोसिग्लिटाझोन थांबवले आणि अमेरिकेने त्याच दिवशी त्यावर कडक निर्बंध घातले. त्यानंतर सात आठवड्यांत भारताची अधिसूचना निघाली. आता ‘वेळीच’ हा शब्द तपासा. हार्ट फेल्युअरचा अधिकृत इशारा निघून तीन वर्षे उलटली होती. भारताला जाग आली ती ब्रुसेल्स आणि वॉशिंग्टनकडे पाहून.

१५/२७
माझा आक्षेप बंदीला नाही. बंदी कोणत्या पुराव्यावर उभी होती, हा प्रश्न आहे. भारतीय रुग्णांवरील एकही मोठी, दीर्घकाळची, हृदयाचे काय झाले हे मोजणारी चाचणी तिच्यामागे नव्हती. २००४-०५ मध्ये राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याच्या दोन विभागीय केंद्रांपैकी एक मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात होते. माणसे होती, ज्ञान होते. पण तो कार्यक्रम तग धरू शकला नाही, आणि नवा कार्यक्रम उभा राहिला तो जुलै २०१० मध्ये, म्हणजे रोसिग्लिटाझोनचा खेळ संपत आल्यावर. गोळी विकली जात होती त्या दशकाचे आपले दप्तर जवळजवळ कोरे आहे.

१६/२७
हे एकट्या औषधाचे दुर्दैव नव्हते. मे २०१२ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेच्या कारभारावर आपला ५९ वा अहवाल मांडला. जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१० या काळात ३१ नवी औषधे भारतीय रुग्णांवर चाचणी न घेता मंजूर झाल्याचे त्यात नमूद आहे. काळाकडे लक्ष द्या : रोसिग्लिटाझोनवरून जग हादरले होते, नेमके तेच महिने. एका दाराने घातक औषध बाहेर काढल्याची बढाई मारत असताना दुसऱ्या दाराने किती औषधे तपासाविना आत येत होती, हे संसदेच्या कागदावर आहे.

१७/२७
पुढचा अंक २०१३ चा. १८ जून रोजी भारताने पायोग्लिटाझोनही थांबवले, कारण या वेळी मूत्राशयाच्या कर्करोगाची भीती पुढे आली होती. ३१ जुलै रोजी, म्हणजे ४३ दिवसांत, ते इशाऱ्यासह परत आले. जूनमधला निर्णय बरोबर होता असे म्हणा किंवा जुलैमधला. दीड महिन्यात भारतीय रुग्णांवरचा नवा पुरावा तयार होत नाही. मधुमेहतज्ज्ञांनी आपल्या अनुभवाच्या बळावर तक्रार केली, ती रास्त असेलही. पण एका बाजूला परदेशी निर्णय, दुसऱ्या बाजूला दवाखान्यातला अनुभव, आणि मधली आकडेवारीची जागा रिकामी, हे चित्र लपत नाही.

१८/२७
त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने रोसिग्लिटाझोनवरचे बरेच निर्बंध उठवले. ‘रेकॉर्ड’ चाचणीच्या नोंदी पुन्हा तपासल्यावर झटक्याचा आरोप सैल पडला होता. हार्ट फेल्युअरचा इशारा मात्र कायम राहिला. ज्या आरोपाने मथळे गाजवले तो डळमळला. ज्याला मथळा मिळाला नाही तो टिकला. भारतातील बंदी तशीच आहे. तिचे कारण कोणाला विचारा, बहुतेक जण ‘हार्ट अ‍ॅटॅक’ म्हणतील. निर्णय उसना घेतला की त्यामागचा युक्तिवाद समजून घेण्याची गरज उरत नाही, आणि पुढे युक्तिवाद बदलला तरी ते कळत नाही.

१९/२७
मिश्र गोळ्यांचेही असेच. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि पायोग्लिटाझोन अशा तीन औषधांची एक गोळी भारतात सर्रास लिहिली जाते. अनेक मिश्रणांना केंद्राची मंजुरी नसताना राज्यांनी परवाने दिले होते. बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरू चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीने त्यांची छाननी केली आणि १० मार्च २०१६ रोजी ३४४ मिश्रणांवर बंदी आली. कंपन्या न्यायालयात गेल्या, बंदी रद्द झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. तीन औषधे एकत्र बांधली की सूज कशाने आली हे ठरवणे डॉक्टरांनाही कठीण होते, आणि त्रास देणारे एकच औषध बंद करण्याची सोय राहत नाही.

२०/२७
आता दुसरी बाजू, कारण मोजल्याने काय साधते हेही पाहिले पाहिजे. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेने नियम केला : मधुमेहाच्या नव्या औषधाने हृदयाचा धोका वाढत नाही, हे दाखवा. कंपन्यांना हजारो रुग्णांच्या चाचण्या कराव्या लागल्या. २०१३ मध्ये सॅक्साग्लिप्टिनच्या १६,४९२ रुग्णांच्या चाचणीत अनपेक्षित गोष्ट दिसली : हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ३.५ टक्के, निष्क्रिय गोळीच्या गटात २.८ टक्के. २०१६ मध्ये इशारा निघाला. त्याच कुळातल्या सिटाग्लिप्टिनच्या चाचणीत मात्र तसा धोका आढळला नाही. सक्ती नसती, तर हा फरक कळलाच नसता.

२१/२७
त्याच सक्तीतून २०१५ मध्ये सर्वांना थक्क करणारा निष्कर्ष आला. एम्पाग्लिफ्लोझिनच्या ७,०२० रुग्णांच्या चाचणीत हार्ट फेल्युअरसाठी दाखल होण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटले. धोका नाही एवढे सिद्ध करायला निघालेल्या चाचणीत थेट लाभ हाती आला. पुढे या कुळातील औषधे मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनाही दिली जाऊ लागली. त्यांचेही दुष्परिणाम आहेतच. पण मार्च २०२५ मध्ये भारतात एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपले आणि स्वस्त गोळ्या आल्या, त्या स्वस्ताईमागे दुसऱ्या कोणाच्या तरी सक्तीने उभा राहिलेला पुरावा आहे. आपण त्याचे आयते वारस झालो.

२२/२७
येथे हमखास आक्षेप येतो : एवढ्या चाचण्या श्रीमंत देशांना परवडतात, गरीब देशाने काय करावे? आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी १० लाख आहेत. जगाला औषधे पुरवणाऱ्या आणि घरी एवढा बाजार असणाऱ्या देशाने मोजणी परवडत नाही म्हणणे पटणारे नाही. शिवाय महागडी चाचणी ही पुढची पायरी. घोटे सुजलेल्या रुग्णाची नोंद करण्याचा खर्च एका कागदाचा असतो. रुग्णसंख्या हीच आपली संपत्ती आहे. तिची गणती करणारा कारकून तेवढा नेमलेला नाही.

२३/२७
दुसरा आक्षेप अधिक गंभीर : असे लिहिल्याने रुग्ण घाबरतात आणि गोळ्या सोडतात. खरे आहे, आणि म्हणून स्पष्ट लिहितो. ‘साखरेच्या सर्व गोळ्या हृदय खातात’ असे सांगत फिरणारे संदेश ही दुसरी बखर आहे, पहिलीइतकीच खोटी. अनियंत्रित मधुमेह स्वतःच हृदय खचवतो. पायोग्लिटाझोनचेही काही रुग्णांना लाभ आहेत. २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत, पक्षाघात होऊन गेलेल्या व इन्सुलिनला कमी प्रतिसाद देणाऱ्या रुग्णांत, त्याने पुन्हा पक्षाघात किंवा झटका येण्याचे प्रमाण घटवले. प्रश्न औषध कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हा आहे. स्वतःहून गोळी बंद करणे हे त्याचे उत्तर नाही.

२४/२७
आता आपल्या नवी मुंबईकडे. महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत ग्लेनमार्क या मुंबईच्या कंपनीचे संशोधन केंद्र आहे. याच कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये लोबेग्लिटाझोन भारतात आणले. नावाचा शेवट पाहा : ग्लिटाझोन परतले आहे. या औषधाने अपाय केला, असा आरोप मी करत नाही. तसा पुरावा माझ्यासमोर नाही. पण २०१३ मध्ये दक्षिण कोरियात ते मंजूर झाले, तिथल्या एका प्रमुख चाचणीत १७३ रुग्ण होते आणि ती २४ आठवडे चालली. ‘ड्रीम’मध्ये पाच हजारांवर माणसे काही वर्षे पाहिल्यावर १४ विरुद्ध २ हा फरक दिसला होता. १७३ जणांत सहा महिन्यांत तो दिसेल का? गणित आपणच करा.

२५/२७
म्हणून मागण्या साध्या आहेत. एक : ग्लिटाझोन कुळातले कोणतेही औषध विकणाऱ्याने भारतीय रुग्णांतील हार्ट फेल्युअरची नोंद ठेवावी आणि दरवर्षी ती प्रसिद्ध करावी. दोन : मंजुरीच्या वेळी समितीने कोणता पुरावा पाहिला, ते कागद सर्वांना वाचता यावेत. २००९ पासून भारतात चाचण्यांची आगाऊ नोंदणी सक्तीची आहे. निष्कर्षही तितक्याच सक्तीने उघडे व्हावेत. तीन : औषधदक्षता केंद्रांकडे आलेल्या तक्रारी औषधानुसार जाहीर व्हाव्यात. बंदी ही शेवटची पायरी आहे. आपण पहिल्या पायऱ्या गाळून थेट तिच्यावर उडी मारतो आणि तिला पराक्रम म्हणतो.

२६/२७
वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजी-आजोबा, आई-वडील मधुमेहाच्या गोळ्या घेतात. गोळ्यांच्या पाकिटावर पायोग्लिटाझोन, लोबेग्लिटाझोन किंवा सॅक्साग्लिप्टिन ही नावे आहेत का, ते वाचा. असली तर घाबरू नका. पण घोट्यांवर सूज, थोड्या दिवसांत चढलेले वजन, आडवे झाल्यावर लागणारी धाप यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, आणि हृदयाचा जुना आजार असेल तर तो त्यांना ठाऊक आहे याची खात्री करा. संशयित दुष्परिणाम कळवण्यासाठी औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. रुग्ण व नातेवाइकांसाठी वेगळा फॉर्मही आहे. फोन जरूर करा.

२७/२७
शिवकालीन पत्राच्या एका ओळीसाठी आपण रात्रभर वाद घालतो, तारीख जुळत नाही म्हणून लेखकाला धारेवर धरतो. तोच कठोरपणा आपल्या काळाच्या नोंदींविषयीही असायला हवा. उद्याचा अभ्यासक २००० ते २०१० या दशकात महाराष्ट्रात ग्लिटाझोन घेणाऱ्या किती जणांचे हृदय खचले हे शोधू पाहील, तेव्हा त्याला राजपत्रातली एक अधिसूचना सापडेल आणि रुग्णांविषयी फारसे काही सापडणार नाही. त्या दशकाची नोंद आता कोणी करू शकत नाही. चालू दशकाची करता येते, आणि ती ठेवणे ज्यांचे काम आहे त्यांच्याकडे तिची मागणी आपण केली पाहिजे. धागा समाप्त. आक्षेप असल्यास पुराव्यासह खाली लिहा, उत्तर देईन.